ओढ्याचं फाटक

१

फोन वाजला तेव्हा नोलीनचे दोन्ही हात पिठात होते. मंगळवार हा तिचा पाव भाजायचा दिवस. व्हरांड्याच्या टोकाला जाळी लावून केलेल्या खोलीत ब्रिडीची रेडिओवरची शाळा सुरू होती; कुठकुठल्या रानांतली अकरा मुलं खरखरीतून एकामागून एक हजेरी देत होती. नोलीनने कोपराने रिसीव्हर ढकलला आणि खांदा उंचावून मानेत धरला.

"उलमान बोलतोय!" पलीकडचा माणूस ओरडूनच बोलत होता. तो किनाऱ्याकडचा. सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला तेव्हा रॅथडेलवरच्या, म्हणजे नोलीनच्या रानावरच्या, उरल्यासुरल्या गाई त्याच्या कुरणात चराईला पाठवल्या होत्या. "ऐकलं ते खरं का? पडला म्हणे तुमच्याकडे."

"तीन आठवडे झाले. ओढा दोनदा भरून वाहिला."

"मग आता तुमची तुम्ही सांभाळा बाई. माझ्याकडे खाऊन खाऊन माजल्यात. उद्या डूलीच्या ट्रकमध्ये चढवतो, गुरुवारी दुपारी तुमच्या दारात. एकोणचाळीस गाई, आणि ती घोडी."

नोलीनने मान सरळ केली, तसा रिसीव्हर घसरला. तो तिने पिठाच्या हाताने पकडला.

"कुठली घोडी?"

"आता काय म्हणावं! पांढरी, बारकीशी. डाव्या कानाला खाच. पोरीची असणार, होय ना? एक मात्र आधीच सांगतो, तिच्या अंगाला काही लागलेलं नाही. त्यात माझा दोष नाही हं. गुडघाभर गवतात उभी असते, पण चरताना काही मी पाहिली नाही. सारखी आपली फाटकाशी. गंमत म्हणजे फाटक उघडं टाकलं तरी बाहेर पडत नाही. उभीच."

आम्ही घोडी पाठवलीच नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. नोलीन म्हणाली, "बरं. गुरुवारी."

फोन ठेवल्यावर बोटांवरचं पीठ सुकून कातडीला ओढ बसेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

ब्रिडीच्या घोडीला, मिंटीला, मरून आठ महिने झाले होते. क्लेमने, नोलीनच्या नवऱ्याने, तिला गोळी घातली होती. नोलीनने ती गोळी याच स्वयंपाकघरात उभी राहून ऐकली होती. दुसरा इलाज नव्हता. घोडीची हाडं मोजता येत होती, पेंढा संपला होता आणि त्या अवस्थेत ट्रकचा दीड दिवसाचा प्रवास तिला सोसला नसता. पण नऊ वर्षांच्या ब्रिडीला हे सांगायचं कसं? क्लेम म्हणत होता, सरळ सांगून टाक. नोलीनने त्याच दिवशी गाई घेऊन गेलेल्या ट्रककडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मिंटीपण गेली चराईला. पाऊस पडला की येईल."

तेव्हापासून ब्रिडी रोज उजाडताच अनवाणी जाऊन पर्जन्यमापकात डोकावून यायची. सात महिने त्यात मेलेले किडे सापडले. गेल्या महिन्यात एका सकाळी ती नळी दोन्ही हातांत धरून, एक थेंबही न सांडता स्वयंपाकघरात आली आणि आईसमोर टेबलावर ठेवून गेली होती.

आता ती दारात उभी होती. "उलमान होते ना?"

"गाई येतायत गुरुवारी," नोलीन म्हणाली.

"मला माहीत होतं," ब्रिडी म्हणाली आणि पुन्हा वर्गात जाऊन बसली.

२

क्लेम ऊन कलल्यावर आला. बूट पायरीवर काढून, हात धुऊन, मटणाच्या चॉपवर सॉस ओतत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"उलमानची नजर गेलीय. त्याच्याकडे दहा जणांची जनावरं असतात. कुणाची तरी घोडी आपल्यात मिसळली असेल."

"डाव्या कानाला खाच म्हणाला."

"तारेच्या कुंपणाशी वाढलेल्या निम्म्या घोड्यांना असते."

हे खरं होतं. नोलीनला ते खरं वाटावंसंही वाटत होतं. ब्रिडी बाहेर कोंबड्यांना खुराड्यात घालत होती, तिचा आवाज येतोय ना, एवढं पाहून नोलीनने विचारलं, "क्लेम, ती नक्की गेली होती ना?"

"नोल, वीस वर्षं मी हेच करत आलोय."

"मग इतक्या जवळ का? डोंगरीच्या मागे नेतो म्हणाला होतास. आवाज इथवर आला."

क्लेमने काटा खाली ठेवला. "न्यायचीच होती. ओढ्याच्या फाटकापर्यंत आली गुपचूप. फाटक उघडलं, तर तिथे जी थांबली ती हलेना. ओढली, मागून ढकलली, म्होरकीला हिसके दिले. समोर रस्ता मोकळा, पण बाईसाहेब पाऊल उचलायला तयार नाहीत. ट्रक भरून यायची वेळ झाली होती. मग तिथेच उरकलं. नंतर ट्रॅक्टरने ओढून पलीकडच्या घळीत टाकली. फाटक मी लावलं होतं. मला बंद मिळालं, मी बंद ठेवलं."

रॅथडेलवर एकच कायदा होता: फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. बंद मिळालं तर बंद, उघडं मिळालं तर उघडं. कारण ज्याने ते तसं ठेवलं त्याचं काही कारण असतं. इथली मुलं चालायला लागली की पहिल्यांदा हे शिकतात. मिंटी मात्र कायद्याबाहेर होती. ओठांनी साखळी आकड्यावरून उचलायची, फाटक छातीने लोटायची आणि निघून जायची. दोनदा मेंढे नको त्या कळपात शिरले, तेव्हा क्लेमने घोडी विकायची धमकी दिली. मग ब्रिडी महिनाभर तिच्या मागे लागली. प्रत्येक फाटकाशी तिला थांबवायची, स्वतः पलीकडे जायची, आणि म्हणायची, "ये गं." तेवढे दोन शब्द ऐकल्याशिवाय मिंटीने पुढे पाऊल टाकायचं नाही. अखेरीस ती अशी तयार झाली की फाटक सताड उघडं असलं तरी तासन्‌तास उभी. क्लेमने एकदा बायकी आवाज काढून "ये गं" म्हणून पाहिलं होतं. ब्रिडी हसून हसून कुंपणावरून पडली. घोडी ढिम्म.

क्लेमला ते आता आठवलेलं दिसलं नाही. नोलीनला आठवलं.

"मी सांगते ब्रिडीला," ती म्हणाली. "गुरुवारच्या आत."

"आठ महिने हेच ऐकतोय," क्लेम म्हणाला, पण चिडून नाही.

३

बुधवारी सकाळी ती सांगायलाच गेली होती. वर्ग सुटायला दहा मिनिटं होती, म्हणून दाराशी कपड्यांच्या घड्या घालत थांबली. ब्रिडी माईकचं बटण दाबून नद्यांची नावं सांगत होती. बटण सोडलं तशी मिस ट्रँटर हसल्या. या बाईंना आईचा आणि मुलीचा आवाज वेगळा ओळखता येत नसे. आजारपणाची चिठ्ठी वाचायला नोलीन माईकवर आली की त्या नेहमी विचारायच्या, "कोण बोलतंय, थोरली की धाकटी?"

"छान, ब्रिडी. पण घोडा व्हरांड्यात आणून बांधलायस की काय? काय तो टापांचा आवाज! आम्हाला नद्या कमी आणि घोडाच जास्त ऐकू आला."

खरखरीतून दहा मुलं हसली.

नोलीनच्या हातात क्लेमचा शर्ट होता. व्हरांड्याच्या फळ्यांवर कुणी नव्हतं. ऊन होतं, एक गांधीलमाशी होती, आणि ब्रिडीचे बूट.

"नाही मिस," ब्रिडी बटण दाबून म्हणाली. "ती अजून रस्त्यात आहे. उद्या येणार."

रेडिओत सतरा आवाज मिसळतात. लाटा कुठून कुठे जातात, दूरच्या दुसऱ्या घरातला घोडाही असू शकतो; अकरांपैकी निम्म्यांच्या दारात घोडे होते. नोलीनने शर्टाची घडी नीट घातली. ब्रिडी वळून तिच्याकडे पाहत होती.

"काय गं मम?"

"काही नाही. ब्रिडी, उद्या... मी सांगेपर्यंत तिला हाक मारायची नाही. कळलं? लांबच्या प्रवासाने जनावर बिथरलेलं असतं."

"प्रॉमिस," ब्रिडी म्हणाली.

आपण सांगायला काय आलो आणि सांगितलं काय, हे नोलीनच्या ध्यानात आलं तेव्हा पोरगी अंगणात पोचली होती.

४

दुपारी ती पिकअप घेऊन ओढ्याच्या फाटकावर गेली. घरापासून अंतर जेमतेम दीड किलोमीटर. बरोबर फावडं घेतलं होतं, ते का हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हाडं पाहायची होती. एक कवटी पाहिली की डोकं ताळ्यावर येईल, असं तिला वाटत होतं.

फाटक उघडं होतं.

साखळी आकड्यावरून काढून बाजूला लोंबत होती. तिच्या शेवटच्या दोन-तीन कड्या ओल्या दिसत होत्या. सकाळी दव पडतं, हे खरं. पण दुपारचे दोन वाजले होते आणि लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता.

ती पलीकडे जाऊन घळीत उतरली. गवत कमरेला लागत होतं. पुराने ओंडके, तारा, एक पिंप असं काय काय आणून टाकलं होतं. मेंढीची हाडं मिळाली, कांगारूची मिळाली. घोड्याचं एकही हाड नव्हतं. बरोबरच आहे, तिने स्वतःला समजावलं. दोनदा पूर आला. रानडुकरं आहेत, रानकुत्री आहेत. आठ महिन्यांत काय उरतं?

घळीच्या काठावर, फाटकाच्या समोरच, एवढ्याशा जागेत गवत उगवलं नव्हतं. उघडी तांबडी माती, आणि ती तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली. जनावर रोज एकाच जागी उभं राहिलं की अशी होते. रोज, पुष्कळ दिवस.

गुलाबी काकाकुवांचा थवा इतका वेळ झाडावर कलकलत होता. तो केव्हा गप्प झाला ते तिला कळलं नाही. गप्प झाल्याचं मात्र कळलं.

ती पिकअपमध्ये बसली, काच वर केली आणि सुसाट निघाली. घराशी पोचून इंजिन बंद केल्यावर तिला आठवलं की फाटक तिने लावलं नाही. उघडं सापडलं, उघडं सोडलं. हाताने वीस वर्षांच्या सवयीने केलं ते. परत जाऊन लावावं, असं एकदा मनात आलं. रात्रीचा स्वयंपाक व्हायचा होता. तिने स्वतःला स्वयंपाकाचं कारण दिलं.

५

गुरुवारी बारा वाजता डूलीचा ट्रक धूळ उडवत गोठ्यांकडे आला. गोठे घरापासून हाकेच्या अंतरावर होते. ब्रिडी सकाळपासून कुंपणाच्या वरच्या दांडीवर बसून होती. केस विंचरलेले, खिशात साखरेचे खडे. नोलीन चहाची किटली घेऊन गेली. सांगायचं अजून झालं नव्हतं. ट्रकमध्ये कुणाची तरी परकी घोडी निघेल, पोरीला कळेल, रडेल, मग आपण सगळंच सांगू: रात्रभर तिने असं ठरवलं होतं.

"पाहुण्यांना पोटभर वाढलंय उलमानने!" डूली खाली उडी मारत म्हणाला. "क्लेम, जरा पोट आत घे. कुठली गाय नि कुठला तू, कळेना मला."

"तू आधी उताराची फळी लाव," क्लेम म्हणाला.

गाई एकेक करून त्या उतारावरून खाली आल्या. क्लेम बोटाने हवेत टिपत होता. एकोणचाळीस. मग डूली पुढच्या, वेगळ्या कप्प्याकडे गेला, खिट्टी सरकवली, आणि दार धरून तसाच उभा राहिला.

"हे बघा, चेष्टा नको," तो म्हणाला. "मी माझ्या हाताने चढवलीय."

कप्पा रिकामा होता. तळाला शेण नव्हतं, काडी नव्हती. एका कडेला फळीवर चार टापांनी घासलेली तेवढी जागा.

"वाटेत कुठे थांबलास?" क्लेमने विचारलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता.

"कुठेच नाही. म्हणजे तुमच्या ओढ्याच्या फाटकाशी एकदा. सबंध रस्ता पाय आपटत होती, तिथे एकदम गप्प झाली, म्हणून म्हटलं आडवी पडली की काय. उतरलो, पण खिट्टी जागच्या जागी, म्हणून आत बघितलं नाही. फाटक उघडंच होतं. तसंच सोडून आलो." डूलीने टोपी काढून डोकं खाजवलं. "खिट्टी आतून निघत नाही, क्लेम. तूच सांग, निघते का?"

 क्लेम त्या घासलेल्या फळीकडे बघत होता.

नोलीनने कुंपणाच्या दांडीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीला टेकवलेली छोटी सायकलही नव्हती.

६

तिने पिकअप काढली तेव्हा अंगणाच्या फाटकातून बाहेर पडताना थांबायचं सुचलं नाही. क्लेम मागून काहीतरी ओरडला. मग रस्ता, धूळ, शेवटचं वळण.

सायकल फाटकाच्या अलीकडे आडवी पडली होती. ब्रिडी खांबाशी उभी होती, हात पुढे, तळव्यावर साखर. आणि फाटकाच्या पलीकडे, त्या तांबड्या मातीवर, पांढरं काहीतरी उभं होतं.

नोलीन पन्नास पावलांवर उतरली. ती पुढे गेली नाही. माशा तिच्या डोळ्यांवर, ओठांवर बसत होत्या. ब्रिडीच्या पाठीवर त्यांचा काळा थर होता. त्या पांढऱ्यावर एकही नव्हती. फासळ्या इथूनही मोजता येत होत्या. त्या दिवशी होत्या तेवढ्याच, तशाच. डावा कान दिसत होता, खाच दिसत होती. डावी कूस दिसत होती.

तोंड नीट पाहावं म्हणून ती चार पावलं उजवीकडे सरकली. डावीच कूस दिसली. आणखी सहा पावलं सरकली. डावीच. ते वळलेलं तिला दिसलं नव्हतं.

"मम," ब्रिडी मागे न बघता, घोड्याजवळ बोलतात तशी हलक्या आवाजात म्हणाली, "मी नाही बोलावलं अजून. तू थांब म्हणाली होतीस ना. आता बोलवू?"

आता सांगायचं. एवढंच म्हणायचं, ती मेली, ब्रिडी, मी खोटं बोलले. नोलीनच्या तोंडून निघालं ते दुसरंच.

"गाडीत चल."

"पण ती वाट बघतेय. बघ ना, किती शहाण्यासारखी—"

"ब्रिडी!" नोलीनचा आवाज फाटला, वर चढला, बारीक झाला. "इकडे ये! ये गं! ये!"

ब्रिडी गुणी पोर. वळली आणि यायला लागली.

फाटकात, चाकं रुतू नयेत म्हणून दगड बसवलेले होते. ब्रिडी पाच-सहा पावलं आली असेल, तेव्हा मागे दगडावर एक टाप वाजली. मग दुसरी. नोलीनने मुलीच्या डोक्यावरून पाहिलं. आता ते समोरून येत होतं, आणि थोडं वळलं तेव्हा तिला उजवी बाजू दिसली. एकदाच दिसली. तिने ब्रिडीचं तोंड आपल्या पोटात दाबून धरलं आणि तिला फरफटत गाडीत कोंबलं.

गाडी चालवताना ती आरशात पाहत नव्हती. शब्द आता आपोआप बाहेर पडले.

"मिंटी मेली, ब्रिडी. त्या दिवशीच मेली. डॅडने गोळी घातली. चराईला नव्हतीच गेली. मी खोटं बोलले."

"मला माहितीये," ब्रिडी म्हणाली. ती तळव्याची साखर चाटत होती. "मी ऐकलं होतं. वर्ग चालू होता. मिस ट्रँटर म्हणाल्या, कसला गं आवाज? मी म्हटलं, डॅडने मिंटीला मारलं."

नोलीनला रस्ता दिसेना.

"मग तू... आठ महिने..."

"पण तू म्हणालीस ना, पाऊस पडला की येईल म्हणून," ब्रिडी म्हणाली. "तू सांगितलंस ते मी तिलाही सांगितलं. रोज. नळी बघायला जायचे ना, तेव्हा."

घर आलं. नोलीनने पोरीला उचलून आत नेलं, मागचं दार लावलं, पुढचं लावलं, स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेतली. दोघी टेबलाखाली नव्हे, पण टेबलाच्या आतल्या अंगाला जमिनीवर बसल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. गोठ्यांकडून गाईंचं हंबरणं येत होतं, डूलीचं काहीतरी बोलणं येत होतं. मग रस्त्याकडून, अजिबात घाई नसलेल्या टापा. त्या जवळ आल्या. अंगणाच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या.

"थांबली," ब्रिडी कान देऊन म्हणाली. "फाटकाशी थांबते ती. बोलावल्याशिवाय येत नाही."

क्लेम शीळ घालत गोठ्यांकडून चहाला निघाला होता. तो दाराशी येऊन हाक मारील, आणि मग कुणीतरी त्याला आतून "ये" म्हणेल. नोलीनने तळहात उचलला आणि मुलीच्या नव्हे, स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

अंगणाचं फाटक लावायचं राहिलं होतं.